गट, जोड्या आणि एक स्पेअर

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून रोजनिशी. रोज पहाटे पाचला उठून लिहायची. आज सव्वासात झाले, कारण गजराचं घड्याळ बायकोच्या उशाशी होतं. तिने ते बंद केलं, स्वतः उठली आणि मला झोपू दिलं. याला मी स्वार्थ म्हणतो.

कन्येच्या शाळेत जाऊन आलो. नववीची सहामाही. गणितात अठ्ठावीस, विज्ञानात एकतीस. पास व्हायला पस्तीस लागतात. वर्गशिक्षिका म्हणाल्या की वार्षिकला दोन्हीत पस्तीस पडले नाहीत तर पुन्हा नववीच. यंदा कुणालाही वर ढकलणार नाहीत. वर असंही म्हणाल्या की मुलगी हुशार आहे पण बुजरी आहे. एकटी पडली की गप्प होते, कुणाच्या सोबतीने बसली की बरं करते. मी म्हणालो, मॅडम, माझ्यावर सोडा. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. नजरेत विश्वास होता.

घरी येऊन सांगितलं तर बायको रडली. मी रडलो नाही. बस डेपोच्या टाइम ऑफिसात बावीस वर्षं काढलीत मी. एकशे ऐंशी ड्रायव्हर, एकशे ऐंशी कंडक्टर. कोण कुठल्या बसवर, किती वाजता, कुणाबरोबर, हे सगळं माझ्या चार्टवर ठरतं. तिथे एका चौदा वर्षांच्या पोरीची काय कथा.

५ नोव्हेंबर, बुधवार

गजर वाजला. मी वेळेवर उठलो. मग विचार केला की झोप अपुरी राहिली तर दिवसभर चुका होतात, म्हणून झोपलो.

संध्याकाळी केस कापायला गेलो. तिथे एक जुनं मासिक सापडलं. त्यात लेख: घट्ट गटातली मुलं शाळेत का चमकतात? म्हणजे हेच की! मॅडम जे बोलल्या तेच! एकटं मूल मागे पडतं, गटातलं मूल पुढे जातं. लेख पुढे पान अकरावर होता आणि पान अकरा नव्हतं. न्हाव्याला विचारलं, तो म्हणाला कुणाची तरी दाढी पुसली असेल. असो. मुद्दा कळला. शहाण्याला शब्दांचा मार पुरतो, सगळी पानं कशाला लागतात.

ठराव: बिल्डिंगमध्ये नववीच्या मुलांचा गट काढायचा. घट्ट.

सध्या कन्या खालच्या मजल्यावरच्या टेलरच्या मुलीबरोबर जिन्यात बसून अभ्यास करते. दोघी एकाच पुस्तकात डोकी घालतात. मधूनच खिदळतात. एकीचं अडलं की दुसरी सांगते, दोघींचं अडलं की दोघी खिदळतात. याला गट म्हणत नाहीत, याला टाइमपास म्हणतात.

९ नोव्हेंबर, रविवार

पालकसभा आमच्या हॉलमध्ये. आले ते असे: टेलर (एक मुलगी), पॅथॉलॉजी लॅबवाला (जुळे मुलगे), बँकेतल्या बाई (एक मुलगी). आमची धरून मुलं पाच. सगळी एकाच वर्गात.

टेलर गळ्यात टेप घालूनच आला. म्हणाला की भाऊ, आमच्या दोन पोरी तर आधीच एकत्र बसतात, छान चाललंय, कशाला काही करायचं? मी त्याला पंधरा मिनिटं समजावलं. शेवटी त्याने हात जोडले. बँकेतल्या बाईंनी विचारलं की शिकवणार कोण. मी सांगितलं की कुणी नाही, गट शिकवेल. त्या 'अच्छा' म्हणाल्या. लॅबवाल्याने विचारलं की चहा होणार आहे का.

ठराव एकमताने मंजूर. गटाचं नाव 'एकजूट'. रोज संध्याकाळी सहा ते आठ, आमचा हॉल. मोबाइलवर पालकांचा ग्रुप काढला. बायकोने पाच मिनिटांत म्यूट केला. घरचीच माणसं अशी.

१० नोव्हेंबर, सोमवार

चार्ट तयार! ऑफिसात बसून केला. निळ्या पेन्सिलीने नावं, लाल पेन्सिलीने वेळा. डेपो मॅनेजरने विचारलं की हा कुठल्या रूटचा. मी म्हणालो, प्रगतीच्या. तो पुढच्या टेबलाकडे गेला. विनोद त्याला पेलत नाही.

पद्धत तीच, डेपोची. एका जोडीने एक विषय घ्यायचा, दर आठवड्याला बदल. नियमही तेच. पहिला: एका घरातले दोघे एका बसवर द्यायचे नाहीत. म्हणून जुळे वेगळे केले. दुसरा: जुनी जोडी फोडायची. फार दिवस बरोबर राहिलेले ड्रायव्हर-कंडक्टर एकमेकांच्या चुका झाकायला लागतात, हे मी बावीस वर्षं बघतोय. म्हणून आमची कन्या आणि टेलरची मुलगी वेगळ्या.

जोडी एक: टेलरची मुलगी आणि जुळ्यांतला एक नंबर. जोडी दोन: बँकेतल्या बाईंची मुलगी आणि जुळ्यांतला दोन नंबर. राहिलं एक माणूस. ते स्पेअर. स्पेअर म्हणजे राखीव. रेस्ट रूममध्ये तयार बसायचं, कुणी आलं नाही की त्याच्या जागी चढायचं. स्पेअरशिवाय डेपो एक दिवस चालणार नाही.

आता स्पेअर कुणाला ठेवायचं? दुसऱ्याच्या मुलाला ठेवलं तर लोक म्हणणार, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. म्हणून माझ्याच मुलीला ठेवलं. बायको म्हणाली की अहो, जिच्यासाठी एवढा खटाटोप मांडलात तिलाच बाहेर ठेवलंत? मी म्हणालो, बाहेर नाही, राखीव. याला त्याग म्हणतात. ती म्हणाली की त्याग तुमचा की तिचा? तेवढ्यात दूध उतू गेलं, म्हणून उत्तर द्यायचं राहिलं.

कन्येला विचारलं, चालेल ना? तिने मान हलवली. समजूतदार आहे. माझ्यावर गेली आहे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

उत्तम चाललंय. हजेरी शंभर टक्के! डेपोत असा आठवडा मी जन्मात पाहिला नाही. रोज कुणाचं पोट दुखतं, कुणाची सासू वारते. इथे चौघंही पावणेसहालाच दारात.

स्पेअरला अर्थातच अजून ड्युटी लागलेली नाही. ती खिडकीशी स्टुलावर बसते. पाणी देते, पेन्सिलींना टोकं काढते, आठ वाजले की सांगते. यातून व्यवस्थापन शिकायला मिळतं. पुस्तक मांडीवर उघडं असतं. पण एकटीने वाचून काय कळणार, असं परवा आईला म्हणाली म्हणे. मी सांगितलं, धीर धर, कुणीतरी आजारी पडेलच.

निश्चय: चहा दिवसातून दोनदाच.

२२ नोव्हेंबर, शनिवार

चहा पाच वेळा. गटाचं काम वाढलंय.

जिन्यातला टाइमपास आता पूर्ण बंद. टेलरची मुलगी सहा ते आठ इथे, आणि नंतर एक नंबरबरोबर उरलेली गणितं पूर्ण करते. कन्येने तिला एकदा हाक मारली तर ती म्हणाली की थांब गं, एवढं झालं की येते. आली नाही. जोडी कशी जमली पाहिजे याचं हे उदाहरण. माझ्या चार्टचं यश.

१२ डिसेंबर, शुक्रवार

गटाची पहिली चाचणी. पेपर मी काढला, म्हणजे पुस्तकातली उदाहरणं उतरवली. चौघांनाही पन्नासच्या वर. टेलरच्या मुलीला अठ्ठ्याहत्तर! टेलर खालून कात्री हातात घेऊनच वर आला, माझा हात दाबला, डोळ्यांत पाणी. माझ्याही.

कन्येने परीक्षा दिली नाही, कारण पेपर वाटायला आणि लक्ष ठेवायला कुणीतरी हवंच होतं. तिने फार शिस्तीत लक्ष ठेवलं. रात्रीच्या जेवणाला बसली नाही. भूक नाही म्हणाली.

८ जानेवारी, गुरुवार

संताप! गेले तीन आठवडे जुळे जागा बदलून बसत होते. एक नंबरच्या जागी दोन नंबर आणि दोन नंबरच्या जागी एक नंबर. मला कळलं नाही, कारण ते कुणालाच कळत नाही. बायकोला म्हणे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मग सांगितलं का नाहीस? तर म्हणाली की पोरांना ज्याच्याशी जमतं त्याच्याजवळ ती बसणारच, तुम्ही भिंतीवर काहीही लावा.

बावीस वर्षांत माझा चार्ट कुणी मोडला नव्हता. लेखी समज देणार होतो. पण निकाल चांगले येताहेत हे बघून चार्टच बदलला. आता तो बरोबर आहे. म्हणजे मोडला असं म्हणता येणार नाही.

२० जानेवारी, मंगळवार

ऑफिसला निघताना कन्या दाराशी आली. म्हणाली की बाबा, मला एक दिवस टेलरच्या मुलीबरोबर बसू द्याल का? एकच दिवस. बीजगणितातलं एक अडलंय, तिला विचारते आणि उठते.

मी तिला नीट समजावलं. एकाला सवलत दिली की दुसरा मागतो. डेपोत हेच होतं. आज हा म्हणतो मला सकाळची पाळी द्या, उद्या तो म्हणतो मला घराजवळचा रूट द्या. शिस्त म्हणजे शिस्त, मग पोटची पोर का असेना. तिने सगळं ऐकून घेतलं. उलट उत्तर नाही, आदळआपट नाही. हल्ली ती फारशी बोलतच नाही. समज आली आहे.

बसमध्ये बसल्यावर वाटलं, काय अडलंय ते तरी विचारायला हवं होतं. संध्याकाळी विचारीन.

२१ जानेवारी, बुधवार

विसरलो.

३ फेब्रुवारी, मंगळवार. दुपारी ४

मोठी बातमी! लॅबवाल्याचा फोन. दोन नंबरला ताप. आज येणार नाही. घरी फोन करून कन्येला सांगितलं: तुला ड्युटी लागली! जागा टेलरच्या मुलीशेजारची! आता नियमाप्रमाणे जुनी जोडी जुळता कामा नये, पण स्पेअर आयत्या वेळी जिथे लागेल तिथे चढतो, त्यामुळे हे नियमात बसतं. फोनवर ती हसल्यासारखी वाटली. मी किती कोमल मनाचा आहे हे या घरात कुणाला माहीत नाही.

त्याच दिवशी, ८.१५

घरी पोचलो तर कन्या पाचपासून तयार बसलेली. केस विंचरलेले, वही, पुस्तक, दोन पेनं. अडलेल्या उदाहरणांची यादी केलेली. सतरा होती.

पावणेसहाला लॅबवाल्याचा पुन्हा फोन. एक नंबरलाही ताप. जुळ्यांचं काही खरं नसतं.

हिशेब सरळ आहे. दोघं गैरहजर, राहिल्या दोघी: टेलरची मुलगी आणि बँकेतल्या बाईंची मुलगी. दोघींची एक जोडी होते. स्पेअर लागत नाही. तसं मी कन्येला सांगितलं. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली की तिघी एकत्र बसल्या तर आभाळ कोसळणार आहे का? मी म्हणालो, एका बसवर तीन माणसं? कुठे ऐकलंय? टेलरची मुलगी पण म्हणाली की काका, बसू द्या की तिला. मुलांनी चार्टमध्ये बोलायचं नसतं हे मी गोडीत सांगितलं.

कन्या स्टुलावर जाऊन बसली. बरोबर आठ वाजता म्हणाली, आठ वाजले.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

वर्गशिक्षिकांनी बोलावलं. म्हणाल्या की सहामाहीपर्यंत निदान शंका विचारायची, आता शेवटच्या बाकावर एकटी बसते, फळ्याकडे बघत राहते. घरी काही झालंय का? मी म्हणालो, झालंय तर! आणि त्यांना 'एकजूट'ची सगळी माहिती दिली. त्या म्हणाल्या की अहो, बाकीच्या चौघांत फरक दिसतोय खरा, पण मी तुमच्या मुलीबद्दल विचारतेय. मी म्हणालो, तिच्यात गांभीर्य आलंय.

त्यांनी हजेरीपट मिटला. म्हणाल्या की तिला कुणाजवळ तरी बसवा हो. मी म्हणालो, मॅडम, ती गटातच आहे.

१ मार्च, रविवार

परीक्षेला पंधरा दिवस. बायको आठ दिवस माझ्याशी बोलत नाही, त्यामुळे विचार करायला निवांत वेळ मिळाला. निर्णय: कन्येचं गणित मी स्वतः घेणार. रोज दोन तास. पाचला उठून.

४ मार्च, बुधवार

पहिलं प्रकरण उघडलं. आमच्या वेळी हे नव्हतं. पुस्तक वाईट लिहिलंय. छपाई बारीक आहे. नाचता येईना अंगण वाकडं असं बायको म्हणाली. अकरा दिवसांनंतरचं पहिलं वाक्य हे.

कन्येला सांगितलं, आधी मी सगळं पुस्तक वाचून काढतो, मग तुला एकदम शिकवतो. ती म्हणाली, बरं.

११ मार्च, बुधवार

पान चार.

१६ मार्च, सोमवार

आज गणिताचा पेपर. पाचही जण गेटपर्यंत बरोबर गेली. म्हणजे चौघं पुढे, सूत्रं म्हणत, आणि कन्या पाच-सहा पावलं मागे. खिडकीतून पाहिलं. स्पेअर बस नेहमी मागेच असते, असं मनात आलं आणि का कोण जाणे, बरं वाटलं नाही. अपचन असेल. चहा कमी करायला हवा.

दुपारी विचारलं, कसा गेला? म्हणाली, गेला.

२५ एप्रिल, शनिवार

निकाल.

टेलरची मुलगी गणितात वर्गात पहिली. शंभरात ब्याण्णव. एक नंबर एक्काहत्तर. दोन नंबर अडुसष्ट. बँकेतल्या बाईंची मुलगी चौऱ्याहत्तर. चौघांत सहामाहीला साठच्या वर एकही नव्हतं! मासिकातला लेख शंभर टक्के खरा. घट्ट गट असला की मुलं चमकतात. हे मी सिद्ध केलं आहे. पालकांच्या ग्रुपवर मोठा मेसेज लिहिला, त्यात 'संघभावना' हा शब्द चार वेळा आला.

कन्या: गणित एकोणीस. विज्ञान तेवीस.

मेसेज पाठवून झाल्यावर तिचा निकाल पाहिला. खरं तर आधी पाहिला होता.

२६ एप्रिल, रविवार

तिन्ही घरची माणसं आभार मानायला आली. लॅबवाला म्हणाला की भाऊ, तुम्ही नसता तर आमच्या दोघांचं काही खरं नव्हतं. बँकेतल्या बाई म्हणाल्या की आमची मुलगी घरात तोंड उघडायची नाही, आता गटातल्या पोरांशी तासन् तास बोलते. टेलर दाराशीच उभा राहिला. आमच्या कन्येकडे बघत होता. ती पाणी देत होती. त्याने ग्लास घेतला, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि लवकर निघून गेला. शिष्ट माणूस.

सगळ्यांचा आग्रह की दहावीलाही 'एकजूट' चालू ठेवा, आणि इथेच, हीच जागा मुलांना मानवली आहे. नाही कसं म्हणणार? हो म्हणालो.

सगळे गेल्यावर बायकोला म्हणालो की एक वर्ष म्हणजे काही आयुष्य नाही. ती म्हणाली की तिची मैत्रीण गेली, वर्ष गेलं, आणि तुम्हाला काय मिळालं? मला राग आला. मग राग गेला आणि काहीच आलं नाही. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसलो. अपचन नव्हतं. मला माझ्या पोरीचं वाईट वाटत होतं. हे इथे लिहून ठेवतो, बाहेर सांगण्यासारखं नाही.

३० एप्रिल, गुरुवार

नवा निश्चय. पुढच्या वर्षी नववीसाठी वेगळा गट. कन्या त्यात अनुभवी म्हणून प्रमुख. बिल्डिंगमध्ये चौकशी केली. नववीत जाणारं एकही मूल नाही. समोरच्या बिल्डिंगमध्ये एक आहे, पण ते लोक घर बदलताहेत.

पाहू.

१५ जून, सोमवार. संध्याकाळी ७

शाळा सुरू. दुपारी ऑफिसात दहावीचा चार्ट केला. चार मुलं, दोन जोड्या. उरत कुणी नाही. अर्ध्या तासात झाला. एवढा सुटसुटीत चार्ट आजवर जमला नव्हता. मॅनेजरलाही दाखवला.

चौघं सहाला आली. वर्षभरात उंच झालीत. दार कन्येने उघडलं. टेलरची मुलगी तिच्याजवळ जरा घुटमळली, म्हणाली की तुझं पुस्तक बघू. कन्या म्हणाली की तेच आहे गं, मागच्या वर्षीचं, तुझं झालंय ते. मग दोघींनी त्या पुस्तकाच्या कव्हराकडे पाहिलं. आतून दोन नंबरने हाक मारली आणि टेलरची मुलगी आत आली.

खिडकीतलं स्टूल रिकामं दिसलं म्हणून मी कन्येला शोधायला गेलो. स्वयंपाकघरात ओट्याशी बसली होती. नववीचं गणित उघडं. पहिलं पान. मी म्हणालो, अगं, इथे काय बसलीस, चल, बाहेर बस सगळ्यांच्यात. आपल्याच घरात गट आहे.

तिने वर पाहिलं. रागावलेली नव्हती. एखाद्या परक्या माणसाला पत्ता सांगावा तसं शांतपणे म्हणाली की नको बाबा, माझं नाव चार्टवर नाही.

मी बाहेर येऊन पाहिलं. खरंच नव्हतं.